बारा खाचा, बारा पत्रे

कानस पुढे जाते आणि मागे येते. कापते फक्त पुढे जाताना.

*

हुस्नाबानोंच्या घरात चार कुलपं आहेत आणि चारही एकाच किल्लीने उघडतात. नवऱ्याने तशी करून दिली आहेत. शेजारच्या कौसरचं कपाटही त्याच किल्लीने उघडतं. हे कौसरला अजून कोणी सांगितलेलं नाही.

*

जऊळक्याच्या स्टेशनावर एका मुलीने आयुष्यातला पहिला फोटो काढला. आगगाडीचा काढला होता. फोटोत रूळ आले आणि एक शेळी आली. गाडी आली नाही.

*

सर्व मापं मिलिमीटरमध्ये. शंका आल्यास विचारावे. हाताने दुरुस्ती करू नये.

*

अकोला-कारंजा एसटी. खिडकीशी एक म्हातारा, मांडीवर कापडी थैली.

"चाचा, थैली वर ठेवा ना."

"वर हलंन थे."

"हलली तं हलली. अंडे हायेत का?"

"पितळ हाय."

"मंग पितळाले काय होते बापा?"

*

"मेलेले कॅमेरे संपले की मग काय कराल, बडे अब्बा?"

*

हा शेवटचा प्रश्न यूसराचा. दोन वर्षांपूर्वी, कारंज्यात, आजोबांच्या दुकानात बसून तिने तो विचारला. इथून पुढे सगळं ओळीने.

जमशेदभाई पन्नास वर्षं कॅमेरे दुरुस्त करत आले. दुकानात एक टेबल, एक दिवा, तीन कपाटं. पहिली पंचवीस-तीस वर्षं लग्नांचे फोटोग्राफर दारात उभे असायचे. मग मोबाईल आले आणि जमशेदभाई मिक्सर, पंखे आणि चष्म्यांच्या दांड्या दुरुस्त करू लागले. त्यांनी तक्रार केली नाही. पंख्यातही स्क्रू असतात, एवढंच म्हणायचे. आणि मग कोणी बोलावलं नसताना पार्सलं यायला लागली. नागपूरहून, पुण्याहून, एकदा तर शिलाँगहून. वीस-बावीस वर्षांच्या पोरापोरींना आजोबांच्या पेटीत रिळाचा कॅमेरा सापडायचा आणि त्यांना तो चालू हवा असायचा. सोबत चिठ्ठी: काका, प्लीज.

सुटे भाग मिळत नव्हते. ते बनवणारे कारखाने कधीच दुसरं काहीतरी बनवायला लागले होते. जमशेदभाईंच्या मधल्या कपाटात मेलेले कॅमेरे होते. दोन मेलेल्यांतून एक जिवंत व्हायचा. कपाट भरलेलं होतं, मग अर्धं झालं, मग वरचा कप्पा रिकामा झाला आणि त्यांच्या बायकोने, हुस्नाबानोंनी, तिथे लोणच्याची बरणी ठेवली.

यूसरा त्यांच्या मुलाची, शादाबची मुलगी. शादाब नागपुरात नोकरीला. यूसरा मेकॅनिकल इंजिनियर झाली आणि नोकरी लागेपर्यंत म्हणून आजी-आजोबांकडे आली. आली ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली.

"संपले की मी बी संपन," जमशेदभाई म्हणाले. "बरोबर जमते पाय. त्यायचं बी झालं, माह्यं बी झालं."

"आणि माझं काय? मी तर नाही संपत," यूसरा म्हणाली. "नवा बनवू."

"नवा कॅमेरा? रिळाचा? कोन घेनार हाय बेटा?"

"जुना दुरुस्त करून मागतात तेच घेतील."

उकंडराव तिथेच होते. उकंडराव शेतकरी माणूस, बाजाराच्या दिवशी कारंज्यात आले की सोयाबीनचा भाव विचारायच्या आधी जमशेदभाईंकडे चहा प्यायचे. चहा जमशेदभाईंचा, टोमणे उकंडरावांचे.

"काय वं पोरी," उकंडराव म्हणाले, "मोबाईलात फोटो निघते, तवाच्या तवा दिसते, नाई आवडला तं पुसता येते. तुह्या डब्यात छत्तीस फोटो काढा, मंग धुवाले पाठवा, मंग आठ दिवसानं समजते का बुढ्याचे डोळे मिटेल होते."

"म्हणून तर लोक याच्यासमोर डोळे नीट उघडे ठेवतात, काका."

उकंडराव जमशेदभाईंकडे वळले. "जमशेदभाई, ही पोरगी तुमाले भारी पडनार हाय."

"पडली हाय," जमशेदभाई म्हणाले.

*

सुकेशनीताईंचा व्हॉइस मेसेज. दोन मिनिटं चार सेकंद. मागे रिक्षांचा आवाज.

"यूसरा, नमुन्याचा कॅमेरा मिळाला. चांगला आहे. खोटं नाही बोलत, खरंच चांगला आहे. शटरचा आवाज मी सहा वेळा ऐकला, रीळ न घालता. आता ऐक. मला बारा पाहिजेत. वीस जूनला आमची नवी बॅच सुरू होते. माझी अट एकच. बाराच्या बारा सारखे हवेत. सारखे म्हणजे दिसायला नाही गं, आतून. पोरं पाडतात. एकाचं शटर मोडलं तर दुसऱ्यातलं काढून तिथल्या तिथे, वर्गात, बसलं पाहिजे. जुन्या कॅमेऱ्यांचा हाच तर ताप आहे, प्रत्येकाचा स्वभाव निराळा. दर वेळी मी कारंज्याला पार्सल नाही करू शकत. हे जमलं तर पुढच्या वर्षी चाळीस आणि मग दर वर्षी चाळीस, मी इथे बोलून ठेवलंय. चाचांना सलाम सांग. आणि खरं सांग, जमेल?"

सुकेशनी इंगोले मूळच्या जऊळक्याच्या, आता पुण्यात फोटोग्राफी शिकवतात. आजोबा-नातीने बनवलेला पहिला नवा कॅमेरा त्यांनाच पाठवला होता. शाळेत असताना त्यांचा पहिला कॅमेरा जमशेदभाईंनी दुरुस्त केला होता. त्या वेळी त्यांनी जमशेदभाईंना एक फोटो दाखवून विचारलं होतं की कॅमेरा बिघडलाय का, यात गाडी का नाही. जमशेदभाई म्हणाले होते, "कॅमेरा बराबर हाय, बेटा. तू हळू हायेस."

सुकेशनीताईंचा मेसेज जमशेदभाईंनी दोनदा ऐकला.

"जमंन म्हना," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात चाकणच्या एका कंपनीचं पत्र आलं. यूसराला नोकरी लागली होती. रुजू व्हायची तारीख एक जुलै. तिने पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं आणि काय ठरवलंय तेही सांगितलं. बारा कॅमेरे अटीप्रमाणे गेले तर ती इथेच राहणार, चाळीस बनवणार. नाही गेले तर तीस तारखेची गाडी.

जमशेदभाईंनी तिला राहा म्हटलं नाही. सुताराला बोलावून खिडकीजवळ तिच्यासाठी वेगळं टेबल करून घेतलं. सुतार म्हणाला, किती दिवस टिकायला हवं? जमशेदभाई म्हणाले, सागाचं कर.

*

कॅमेरा कसा आहे, ते थोडक्यात. ॲल्युमिनियमची पेटी, एका वर्कशॉपमधून करून आणलेली. भिंग बाहेरून मागवलेलं. पेटीत एक खाच आहे, त्या खाचेत एक पितळी पत्रा सरकवून बसवायचा. पत्र्यावर शटरची दोन पाती आणि एक स्प्रिंग. पत्रा खाचेत ढिला बसला तर फटीतून उजेड शिरतो आणि रीळ वाया जातं. घट्ट बसला तर पत्रा वाकतो आणि पाती अडकतात. मागच्या दाराला काळ्या मखमलीची पट्टी. ती हुस्नाबानो कापायच्या. त्यांनी बायकांचे कपडे शिवण्यात आयुष्य काढलं होतं आणि नवऱ्याच्या टेबलावरचं हे एकच काम त्यांना काम वाटत होतं.

यूसराने सगळ्याचे नकाशे काढले आणि भिंतीला लावले. फेब्रुवारी ते मे, चार महिने. बारा पेट्या, बारा पत्रे. जमशेदभाई प्रत्येक पत्रा पेटीत बसवून पाहायचे, शटर दाबायचे, कान देऊन ऐकायचे, आणि यूसराला म्हणायचे, "हा झाला." बाराही झाले.

पितळ चमकतं. कॅमेऱ्याच्या आत चमकणारं काही चालत नाही. म्हणून पत्रे काढून, पाती उतरवून, घासून काळे करायला अकोल्याला दिले. दोन जूनला जमशेदभाई ते स्वतः घेऊन आले, एसटीने, मांडीवर.

*

यूसराने थैली टेबलावर ओतली. बारा काळे पत्रे, एकसारखे. तिने हाताला लागला तो उचलला, पहिल्या पेटीत सरकवला. अर्ध्यात अडला. दुसरा उचलला. तो डुगडुगला. तिसरा गेलाच नाही.

"असे नाई बेटा," जमशेदभाई म्हणाले. "त्यायच्यावर निशान्या हायेत. मागच्या बाजूले पाय. सुईनं आकडे कोरले म्या, उर्दूतले. एकचा एकात, दोनचा दोनात."

यूसराने पत्रा उलटा केला. मागची बाजू आरशासारखी गुळगुळीत आणि काळी.

"काळं करायच्या आधी घासतात ते," ती म्हणाली. "घासलं गेलं सगळं." मग ती थांबली. "पण आकडे कशाला कोरले? सगळे तर एकाच मापाचे आहेत. कुठलाही कुठेही बसायला हवा."

जमशेदभाई सांडलेले पत्रे ओळीने लावायला लागले.

"बडे अब्बा. तुम्ही कानस मारली?"

"थोडीशी लागून राह्यली होती ना एक-एक जागी. पेट्या बी कुठी एकसारख्या आल्या? कोनाची खाच बारीक, कोनाची मोठी. म्या ज्याच्या त्याच्यापुरतं करून घेतलं."

"किती जणांना?"

"सगळ्यायले."

"सगळ्यांना!"

"अवं मंग बसते कसा? पन्नास वर्षं झाले, मी असंच बसवतो. आलेल्या कॅमेऱ्यात जो भाग लागते तो त्याच्या अंगाचा करा लागते. दुसऱ्याशी काय घेनं त्याचं?"

यूसराने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. खालच्या कोपऱ्यात तिच्याच अक्षरातली ओळ होती. हाताने दुरुस्ती करू नये. ती ओळ मराठीत होती, जमशेदभाईंना मराठी वाचता येत होतं, आणि ते रोज त्या नकाशासमोर बसत होते.

"वाचलं नाही तुम्ही हे?"

"वाचलं ना," जमशेदभाई म्हणाले, आणि ते खरंच गोंधळलेले दिसत होते. "मले वाटलं, ते दुसऱ्यायसाठी हाय."

*

तीन जून ते सहा जून: यूसरा आजोबांशी बोलली नाही. हुस्नाबानोंनी दोघांना वेगवेगळ्या वेळी वाढलं आणि दोघांच्याही ताटात दुसऱ्याच्या आवडीची भाजी घातली.

*

त्या चार दिवसांत जमशेदभाईंनी एक अशक्य वाटणारी गोष्ट केली.

पत्र्यांवर पाती परत चढवली. मग दिवा बंद केला. चष्मा काढला. पत्रा हातात घेऊन त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग पेटीच्या खाचेत करंगळीचं नख फिरवलं. आपल्या हाताने मारलेली कानस आपल्या हाताला ओळखू येते, असं त्यांचं म्हणणं होतं. उकंडराव समोर बसून बघत होते.

"हे काय, जमशेदभाई, कुंडल्या जुळवून राह्यले का?"

"चूप बसा, पाटील. हा पत्रा फेब्रुवारीतला हाय. थंडी होती. हात आखडेल होता माहा, कड पाहा कशी खरबडी आली."

"मंग फेब्रुवारीतला नवरदेव कोनता?"

जमशेदभाईंनी तिसरी पेटी उचलली. पत्रा आत गेला. अलगद, आवाज न करता. शटर दाबलं. टक्.

"आयला," उकंडराव म्हणाले आणि चहा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी चार जुळले. तिसऱ्या दिवशी तीन. सहा तारखेच्या दुपारी बारावा जुळला, तेव्हा उकंडरावांनी स्वतः बाहेर जाऊन पेढे आणले, जे त्यांनी मागच्या पंधरा वर्षांत केलं नव्हतं, आणि पहिला पेढा यूसरापुढे धरला.

"घे वं. तुह्या आज्यानं आंधळ्यावानी बारा लग्नं लावले."

यूसरा उठून टेबलाजवळ आली. एक-एक कॅमेरा उचलून तिने शटर दाबलं. बारा वेळा टक्. आजोबांच्या अंगठ्याला चीर पडली होती, त्यात काळं भरलं होतं. तिला हसू आलं, डोळेही भरले, आणि मग ती म्हणाली ते तिला म्हणायचं नव्हतं.

"सुकेशनीताई दोन उघडतील, बडे अब्बा. इकडचा पत्रा तिकडे घालून बघतील."

पेढ्याचा कागद तेवढा वाजला.

जमशेदभाईंनीच चौथ्यातला पत्रा काढला आणि नवव्यात घातला. अर्ध्यात अडला. पुन्हा चौथ्यात घातला. अलगद गेला. पुन्हा नवव्यात. अडला. हे त्यांनी बऱ्याच वेळा केलं.

*

हुस्नाबानो मखमलीच्या पट्ट्या घेऊन आल्या. त्यांच्या बारा पट्ट्या कुठल्याही दाराला बसत होत्या. कोणी त्याबद्दल त्यांचं कौतुक केलं नव्हतं. कारण कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"तुमच्या कशा बसतात सगळीकडे?" यूसराने विचारलं.

"मी खाका ठेवून कापते." त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढून दाखवला, कडा वापरून मऊ झालेल्या. "ब्लाउज असो का पट्टी असो. खाका एकदा नीट कापायचा, मग कापड त्याच्यावर ठेवायचं. तुझे बडे अब्बा तर गिऱ्हाइकाच्या अंगावरच कापडं कापतात."

"मी?"

"नाई तं काय!" हुस्नाबानो म्हणाल्या. "एकीचं झंपर दुसरीले येईन का मंग?"

उकंडराव हसले. जमशेदभाई हसले नाहीत. त्यांनी तो पुठ्ठा हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला, जसा पत्र्याच्या कडेवरून फिरवला होता.

"याले किती वेळ लागते? खाक्याले?"

"झंपराच्या दुप्पट. पण एकदाच."

जमशेदभाईंनी यूसराकडे पाहिलं. "तुह्या नकाशात हे हाय काय?"

"गेज म्हणतात त्याला," यूसरा म्हणाली. "मी सांगणार होते. मला वाटलं आपल्याला बाराच तर करायचेत. म्हणून सोडून दिलं."

"म्हंजे तुही बी चूक हाय."

"आहे."

"बरं," जमशेदभाई म्हणाले. त्यांचा आवाज एकदम सैल झाला. "अर्धी-अर्धी घेऊ मंग."

*

काम असं ठरलं.

खाच मोठी करता येते, लहान करता येत नाही. सातव्या पेटीची खाच सगळ्यांत मोठी होती. तिच्या मापाचा पोलादी खाका करायचा, एक खाचेसाठी आणि एक पत्र्यासाठी. मग बाकीच्या अकरा खाचा त्या मापाला आणायच्या. आणि पत्रे नवे कापायचे. बाराही.

"अन् हे?" उकंडरावांनी जुळलेल्या पत्र्यांकडे बोट केलं.

"भंगारात," जमशेदभाई म्हणाले.

"चार दिवस आंगठा फोडून घेतला ना बापा तुमी!"

"चार महिने बी म्हना. थेच धरून बसलो तं चाळीस कवा होतीन?"

खाक्याला दोन दिवस लागले. जमशेदभाईंनी एवढं मन लावून आयुष्यात काही घासलं नव्हतं. दोन हात मारले की तेल पुसायचं, माप घ्यायचं, पाणी प्यायचं. यूसरा आकडा वाचून सांगायची आणि ते मान हलवायचे. तो तुकडा कोणत्याच कॅमेऱ्यात जाणार नव्हता. गिऱ्हाइकाला तो कधी दिसणारही नव्हता. नऊ तारखेला संध्याकाळी यूसरा म्हणाली, "झाला, बडे अब्बा, आता हात नका लावू." ते म्हणाले, "एक हात," ती म्हणाली, "नाही," आणि त्यांनी कानस खाली ठेवली. दुकानात हे पहिल्यांदाच घडलं.

दहाला बाकीच्या अकरा खाचा मापाला आणल्या आणि नवे पत्रे कापले. अकराला पाती बसवून, प्रत्येक पत्रा खाक्यातून सरकवून पाहिला. पाती उतरवून ठेवली आणि पत्रे अकोल्याला नेले, या वेळी यूसराने. चौदाला आणले. पंधराला पाती परत चढवली. सोळाला सुकेशनीताई आल्या.

*

सुकेशनीताई जऊळक्याला आईकडे आल्या होत्या आणि परत जाताना कॅमेरे सोबतच नेणार होत्या. त्यांची पुण्याची मराठी कारंज्याच्या बसस्थानकापर्यंत टिकते. दुकानात आल्या त्या म्हणतच, "चाचा, किती वाळले जी तुमी! काकी यायले जेवाले देते का नाई?"

"खाते कुठी," हुस्नाबानो आतून म्हणाल्या. "पितळ खाते."

बारा कॅमेरे टेबलावर ओळीने होते. सुकेशनीताईंनी एक उचलला, फिरवला, दार उघडलं, मिटलं, शटर दाबलं. दुसरा उचलला. तिसरा. मग यूसराकडे पाहून म्हणाल्या, "उघडू?"

"उघडा."

"दोन नाही. सगळे उघडते."

त्यांनी हुस्नाबानोंकडून परात मागितली. बाराही पत्रे काढून परातीत टाकले आणि परात दोन्ही हातांनी हलवली, गहू पाखडावेत तशी. जमशेदभाईंनी डोळे मिटून घेतले. पितळेच्या त्या खडखडाटात त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, तो फक्त उकंडरावांना ऐकू आला.

"यायनं माहा मोबाईल बी असा हलवला तं मी मारीन," उकंडराव पुटपुटले.

यूसराने पहिला पत्रा उचलला. पहिल्या पेटीत घातला. गेला. टक्. दुसरा. गेला. टक्. तिसऱ्याआधी तिने हात ओढणीला पुसला. गेला. चौथा, पाचवा. सहाव्याला उकंडराव मोजायला लागले, मोठ्याने, लिलावासारखे. आठ. नऊ. दहा. अकरा.

बारावा अडला.

तिने काढून पुन्हा घातला. पुन्हा अडला. तोच पत्रा पाचव्या पेटीत घालून पाहिला, तिथेही अडला. पाचव्यातला या पेटीत घातला, तो गेला. म्हणजे पेटी बरोबर होती, पत्रा चुकला होता. जमशेदभाईंनी तो हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि लगेच म्हणाले, "काळ्या रंगाचा थर जाड बसला हाय या कडेले. आपन मापात घातला तवा हा कोरा होता."

"काळा झाल्यावर पुन्हा घालून बघायला हवा होता," यूसरा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

सुकेशनीताई वाकून पाहत होत्या. "एवढंच ना? चाचा, मारा ना दोन हात कानसीचे. बसून जाईन."

कानस समोरच होती. दोन हातांचंच काम होतं, जमशेदभाईंना ते डोळे मिटूनही जमलं असतं. त्यांचा हात टेबलावरून सरकत कानसीपाशी गेला. यूसराने खिडकीबाहेर पाहिलं. हुस्नाबानो दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो त्यांनी कुणालाच दिला नाही.

जमशेदभाईंनी कानस उचलली आणि टेबलाच्या खणात टाकली.

"नाई," ते म्हणाले. "दोन हात मारले तं हा या पेटीचाच होईन. उद्या तुह्या वर्गात दुसऱ्या पेटीत गेला तं डुगडुगंन. हा नापास." आणि त्यांनी पत्रा परातीत परत टाकला. "अकरा घेऊन जाय. बारावा मी आठ दिवसांत पाठवतो. पत्रा नवा कापा लागंन."

सुकेशनीताई खुर्ची ओढून बसल्या, जरा जोरातच.

"चाचा, माह्या पहिल्या कॅमेऱ्यात तुमी काय-काय घासलं होतं, आठवते? भिंगाच्या कड्यापासून पेचापर्यंत. त्याच्यात दुसरा कोनताच भाग कधी बसला नाही. मी दर वर्षी तो इथीच घेऊन येत होती."

"मंग? चालला का नाई?"

"चालला ना. बत्तीस वर्षं."

"मंग बोलू नको."

त्या हसल्या. यूसराकडे वळून त्यांनी अगदी वर्गातल्या आवाजात विचारलं, "चाळीसला खाका हाच राहील?"

"हाच. पण तपासणी दोनदा. कोरा असताना आणि काळा झाल्यावर."

"मग चाळीस." त्यांनी पिशवी उघडली आणि कॅमेरे एक-एक करून जुन्या साड्यांच्या तुकड्यांत गुंडाळायला सुरुवात केली. "अकरा जणांना एक-एक, बाराव्याला सांगते की तुझा अजून जन्माला यायचाय. पोरांना आवडेल ते."

उकंडराव हळहळले. "अन् आमच्या पेढ्यायचं काय? मी तं बारा मोजनार होतो."

"अकराचे आना, पाटील," जमशेदभाई म्हणाले. "एक उधार नका ठेवू."

सुकेशनीताईंची बस गेली. यूसराने खिडकीजवळच्या टेबलावर बसून चाकणच्या कंपनीला कळवलं की ती एक जुलैला येत नाही. ईमेल लिहायला तिला चार ओळी लागल्या. जमशेदभाई पलीकडच्या टेबलावर कोऱ्या पितळेवर खाका ठेवून त्याच्या कडेने सुईने रेघ ओढत होते, आणि रेघ ओढताना नेहमीसारखी जीभ बाहेर आली होती.

"माप सांगू का?" यूसराने विचारलं.

"कायले? खाका हाय ना," ते म्हणाले.

जमशेदभाईंनी आयुष्यात पहिला कॅमेरा उघडला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, आणि तो त्यांना परत जोडता आला नव्हता.